लिंडनखाली थांबलेल्या दादांस

कागदावर आधी 'प्रिय काका' लिहिलं आणि खोडलं. इथे जर्मनीत, आपल्या मराठी मंडळात तुम्ही सगळ्यांचे काका होतात, माझेही. पण जंगलात, पांढरे झगे घालून आपण गोलात उभे राहिलो तेव्हा तुम्हीच पहिल्या दिवशी दटावलं होतंत, "इथे काका-बिका चालणार नाही. इथे सगळे भाऊ-बहिणी. मला श्रीधर म्हण." सत्तरीच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून तडजोड झाली आणि तुम्ही दादा झालात. पुढची सहा वर्षं मी तुम्हाला दोन नावांनी हाक मारत राहिलो, आजूबाजूला कोण आहे ते बघून. पुढे मी जे केलं त्याची सवय मला इथेच लागली असावी.

तर दादा, तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. परवा अनघा वहिनींचा फोन आला. मंडळाच्या अध्यक्ष म्हणून. "मंदार, पाडव्याच्या अंकात काकांवर लेख हवाय. तूच लिही, तुझं मराठी चांगलं आहे. आल्झो, एक पानभर पुरे. मंडळाची स्थापना, गणपतीची पूजा, दिवाळीचा फराळ, असं सगळं घे. ते दुसरं नको घेऊस. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं ना रे."

"गेनाऊ, अगदी बरोबर, वहिनी," मी म्हणालो.

ते दुसरं म्हणजे तुमचं ड्रुइड असणं. झाडांना, ऋतूंना आणि मेलेल्या माणसांना मान देणाऱ्या त्या जुन्या पंथाच्या नव्या राईत, म्हणजे जंगलात भरणाऱ्या मेळाव्यात, तुम्ही आणि उटे, नवरा-बायको दोघं, वीस वर्षं जात होतात, त्याबद्दल वहिनींना एक अक्षर नको आहे. अडचण अशी की त्या दुसऱ्यातच एक वाक्य आहे, जे लिहिल्याशिवाय तुमच्याबद्दल पानभर काय, ओळभरही लिहिण्याचा मला हक्क नाही. ते वाक्य मी आठ महिने गिळून बसलोय. आजही ते लगेच लिहिणार नाही, थोडं फिरून येईन. तुम्हाला माझी ही सवय माहीत आहे.

तुम्ही मला पहिल्यांदा राईत नेलंत ते बाबा गेले त्या वर्षी. विमानं बदलत मी पुण्याला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तेरावं करून परत बॉबलिंगेनला आलो, सोमवारी ऑफिसला गेलो आणि लोकांनी विचारलं की "ठीक आहे" म्हणू लागलो. मला रडूच आलं नव्हतं. तुम्ही मंडळाच्या कोजागिरीला माझ्याकडे दोनदा बघितलंत आणि निघताना म्हणालात, "शनिवारी दुपारी मोकळा आहेस? चालायला जाऊ. चांगले बूट घाल, चिखल आहे."

चिखल होताच. चिखलाच्या पलीकडे एका मोकळ्या जागी दहा माणसं जाड जॅकेटांवरून पांढरे झगे चढवत होती. एक निवृत्त शाळामास्तरीण, एक नर्स, एक कुलपं दुरुस्त करणारा माणूस, आणि आपली उटे. मी मागे वळायच्या बेतात होतो. "काका, हे काय? जादूटोणा?"

"तुझ्या आजोळी देवराई आहे म्हणाला होतास ना? तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायला लोक का घाबरतात?"

"श्रद्धा असते लोकांची."

"मग झालं तर. इथल्या लोकांनी आपल्या देवराया कधीच्या तोडून टाकल्या. आता आम्ही परत घाबरायला शिकतोय, एवढंच आहे हे."

त्या दिवशी राईत वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं घ्यायची होती. माझी पाळी आली तेव्हा मी 'प्रभाकर' म्हणालो, आणि त्या दहा जणांनी ते नाव तीनदा घेतलं. "प्रा-बा-कार." इथल्या लोकांच्या श्वाबियन जिभेवर बाबांचं नाव इतकं वेडंवाकडं झालं की बाबा असते तर त्यांनी स्वतः उठून उच्चार दुरुस्त केला असता. पण ती माणसं कपाळाला आठ्या घालून, जीव लावून ते म्हणत होती. मग तुम्ही मला ओढ्यापाशी नेलंत. उटेनं पिशवीतून जॅमची जुनी बाटली काढली, त्यात काळे तीळ होते. "मंत्र येत नसेल तर नुसतं बाबा म्हण आणि पाणी सोड," तुम्ही म्हणालात. मी बाबा म्हणालो आणि मला रडू फुटलं. ज्यांनी मला माझ्या बापासाठी रडायला जागा दिली ती ही माणसं, दादा. हे मी मुद्दाम आधी लिहितोय. पुढचं वाचणाऱ्याला कळावं की मी कुणाकडे पाठ फिरवली.

परत येताना गाडीत तुम्ही खुशीत होतात. म्हणालात, "आपण आता गुरुबंधू झालो बरं का. फक्त गुरूच नाही, एवढी एक गैरसोय आहे."

आपले वाद मात्र त्या गाडीत रंगायचे. मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस, चूक शोधण्याचा पगार घेणारा. "दादा, यात जादू कुठे आहे? सिद्ध करून दाखवा." तुम्ही एकदा रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलंत. गाडी तुम्ही चालवत होतात, माझा जीव खालीवर. "दर वर्षी आपण मातीच्या मूर्तीत मंत्र म्हणून प्राण घालतो, दीड दिवसानं ते काढून घेतो आणि मूर्ती बादलीत बुडवतो, आणि तू मला विचारतोस जादू कुठे आहे?" मी म्हणालो ती श्रद्धा, तुम्ही म्हणालात ही पण. मग थोडं थांबून म्हणालात, "हे बघ, गोलात बोललेला शब्द खरा धरतात. म्हणून तिथे जपून बोलायचं. माझ्यापुरती जादू एवढीच." मी म्हणालो, याला शिस्त म्हणतात, जादू नाही. "बरं, तू शिस्त म्हण. पण पाळ."

तो वाद तिथेच राहिला. नंतर कधीतरी पुढे नेऊ म्हटलं होतं.

शब्दाची ती शिस्त काय होती, हे मंडळातल्या वाचकांना सांगायला हवं, नाहीतर पुढचं त्यांना कळणार नाही. राईत दर वेळी सुरुवात एकाच गोष्टीनं होते. हेझलची एक काठी हातोहात फिरते. ज्याच्या हातात ती असेल तो आपल्या डाव्या बाजूच्या माणसाला विचारतो, "भाऊ, आपल्यात शांती आहे का?" तो 'फ्रीडे', म्हणजे 'शांती आहे', असं म्हणाला की काठी त्याच्याकडे जाते आणि तो पुढच्याला विचारतो. 'नाही' म्हणाला, तर त्या दोघांनी गोल सोडून कडेच्या जुन्या लिंडनच्या झाडाखाली जायचं आणि जे असेल ते बोलून मिटवायचं. ते परत येईपर्यंत काही सुरू होत नाही. कुणी खाली बसत नाही, कुणी घड्याळ बघत नाही. पूर्वी इथल्या गावांचे तंटे लिंडनखालीच सुटायचे, हे तुम्हीच मला सांगितलंत.

एका डिसेंबरात आपल्या गोलातले गेरलिंडे आणि रोल्फ लिंडनखाली चाळीस मिनिटं होते. दोघं एकाच इमारतीत राहतात आणि जिना झाडायची पाळी कुणाची होती यावरून, म्हणजे इथल्या त्या पवित्र केरवोखंवरून, त्यांचं बोलणं बंद झालं होतं. आम्ही बर्फात पाय आपटत उभे. मला हसू आवरेना. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "हसू नकोस. आपल्यात अशी सोय असती तर या एवढ्याशा भागात तीन मराठी मंडळं झाली नसती."

गोलात माझी जागा तुमच्या डावीकडे होती. म्हणजे मला तो प्रश्न कायम तुम्ही विचारायचात. वर्षातून आठ वेळा, सहा वर्षं. मी 'फ्रीडे' म्हणायचो आणि ते खरं असायचं.

राईतलं हे सगळं मी मंडळापासून लपवून ठेवलं होतं. प्राचीला, माझ्या बायकोला, माहीत होतं. बाकी कुणाला नाही. माझा झगासुद्धा मी घरी ठेवला नाही. घरी पाहुणे येतात, कपाट उघडं राहिलं तर काय सांगणार, म्हणून तो तुमच्याकडे, तुमच्या झग्याशेजारी टांगलेला असायचा. तुम्ही कधी काही बोलला नाहीत. एकदा फक्त उटे म्हणाली की तो धुवायला झालाय, आणि तिनंच धुतला.

आता फोटो.

जूनमध्ये, सगळ्यात मोठ्या दिवशी, भर दुपारी आपण टेकडीवर उभे होतो आणि गावातल्या छोट्या वर्तमानपत्राचा माणूस आला. तुम्ही सगळे शांतपणे उभे राहिलात. मी कॅमेरा बघितला आणि झग्याची टोपी नाकापर्यंत ओढून घेतली. गेरलिंडे म्हणालीसुद्धा, "उकडत नाही का तुला?" पुढच्या आठवड्यात फोटो छापून आला. मधोमध तुम्ही, हातात काठी, चेहरा उन्हात. तुमच्या शेजारी टोपीखाली बुडालेला एक माणूस. त्याचा फक्त एक हात दिसतो, आणि मनगटावर सत्यनारायणाचा लाल दोरा.

तो माणूस मी आहे. झालं लिहून. आठ महिन्यांत जमलं नाही ते एवढंच वाक्य होतं.

पण नुसतं टोपी ओढून घेणं माफ झालं असतं. पुढचं सांगतो.

फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. "हा काय प्रकार आहे?" "काकांनी धर्म बदलला की काय?" "अहो, मुलं बघतात हे!" कुणीतरी तुमच्या काठीवरून विनोद केला. लोक हसरे चेहरे टाकू लागले. बारा-पंधरा झाले असतील. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो, समोर सूप होतं. गप्प राहिलो तर कुणाला शंका येईल असं मला वाटलं. म्हणून मीही एक हसरा चेहरा टाकला. दादा, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतो ना, तो.

तुम्ही त्या ग्रुपमध्ये होतात. तुम्हीच तो सुरू केला होतात. हे सगळ्यांच्या लक्षात यायला अर्धा तास लागला आणि मग ग्रुप एकदम गार पडला. माझ्या त्या हसऱ्या चेहऱ्याखाली दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे सगळ्यांनी तो बघितला होता, तुम्हीही.

पंधरा दिवसांनी कमिटी बसली. गणपतीची पूजा गेली तीस वर्षं तुम्ही सांगत आलात, कारण इथे गुरुजी मिळत नव्हते तेव्हापासून ती पोथी तुमच्याकडे आहे. आता लोकांना प्रश्न पडला की झाडांची पूजा करणारा माणूस गणपतीची कशी करणार. आपला गणपती चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बसतो, वरच्या भिंतीवर क्रूस असतो, त्याला कधी कुणाची हरकत नव्हती. हे मला तेव्हाच सुचलं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी एवढंच म्हणालो, "काकांचं वय झालंय. गुडघेही दुखतात. प्रकृतीचं कारण देऊन यंदा विश्रांती द्यावी, म्हणजे त्यांचाही मान राहील." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. अनघा वहिनी म्हणाल्या, "किती छान मांडलंस रे." निरोपाचा मसुदा मीच लिहिला आणि तो तुम्हाला सांगायलाही मीच आलो. आदल्याच रविवारी तुम्ही अकरा किलोमीटर चालला होतात, माझ्यासोबत, आणि चढावर माझ्यासाठी थांबला होतात.

उटेनं चहा ठेवला. तुम्ही ऐकून घेतलंत. मला वाटलं चिडाल. चिडला असतात तर बरं झालं असतं, मीही चिडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तुम्ही विचारलंत, "मग बसणार कोण पूजेला?"

"मला सांगितलंय."

तुम्ही उठलात, आतून पोथी आणलीत. हळदीचे डाग पडलेली, समासात पेन्सिलीनं कुठे पाणी, कुठे अक्षता, कुठे थांबायचं ते लिहिलेली. तासभर तुम्ही मला पूजा शिकवलीत. "आवाहनाला घाई करू नकोस. तू घाई करतोस. ज्याला बोलावतोयस त्याला यायला वेळ दे." मी मान डोलावत होतो आणि बशीतली बिस्किटं खात होतो. पाच खाल्ली. मला ती संख्या का आठवते कोण जाणे.

गणपतीला तुम्ही दोघं आलात, तिसऱ्या रांगेत बसलात. मी तुमच्या पाटावर. एका ठिकाणी माझं पान चुकलं, मी अडखळलो, वर बघितलं तर तुम्ही तिथून ओठ हलवून मला पुढचा शब्द देत होतात. मी तो उचलला आणि पुढे गेलो. नंतर लोकांनी माझी पाठ थोपटली. मला ते आवडलं. खरंच आवडलं होतं, दादा, घरी जाऊन प्राचीला मी सांगितलंही. ती जेवणाची भांडी आवरत होती. "तू त्यांना सॉरी म्हणालास का?" एवढंच तिनं विचारलं आणि मी आवाज चढवला.

मग सप्टेंबरात राई भरली, दिवस-रात्र समान होतात तेव्हाची. काठी तुमच्या हातात आली. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "भाऊ, आपल्यात शांती आहे का?"

मी लगेच म्हणालो, "फ्रीडे."

तुम्ही काठी दिली नाहीत. एरवी शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच काठी हातात यायची. तुम्ही ती धरून माझ्याकडे बघत राहिलात. रागानं नाही. शाळेत मास्तर चुकलेलं उत्तर दुसऱ्यांदा सांगायची संधी देतात, तसं. गेरलिंडे खोकली. मी झाडांकडे बघितलं. मग तुम्ही काठी माझ्या हातात ठेवलीत आणि मी पुढच्याला तोच प्रश्न विचारला, खणखणीत आवाजात.

गोल सुटल्यावर मी पोरीचा पोहण्याचा क्लास आहे म्हणून घाईनं निघालो. क्लास नव्हता. गाडी मागे घेताना आरशात दिसलं, तुम्ही त्या लिंडनखाली उभे होतात, एकटेच. मला वाटलं, वस्तू गोळा करत असाल.

त्यानंतर तुमचा खोकला वाढला आणि हॉस्पिटल सुरू झालं. मी दोनदा आलो. गाडीला हिवाळी टायर लावले का, पार्किंगला केवढी रांग होती, असं काहीबाही बोललो. दुसऱ्या वेळी तुम्ही नाकातली नळी सारखी करत विचारलंत, "मंदार, काही बोलायचंय का रे?"

"नाही हो, काका. तुम्ही आराम करा."

खोलीत तिसरं कोणी नव्हतं, तरी मी काका म्हणालो. तुम्ही डोळे मिटलेत.

जानेवारीच्या शेवटी तुमच्या अस्थी जंगलातल्या दफनभूमीत, तुम्ही निवडलेल्या झाडाच्या मुळाशी ठेवल्या. बर्फ पडून गेला होता. एका बाजूला मंडळाचे तीस-पस्तीस लोक, काळ्या कोटांत. दुसऱ्या बाजूला राईतले आपले भाऊ-बहिणी, पांढऱ्या झग्यांत. मधे पाच-सहा पावलांचं अंतर. मी गाडीतून उतरलो, थोडा थांबलो आणि काळ्या कोटांकडे गेलो.

त्यांनी गोल केला. झाडाला लागून दोन जागा रिकाम्या ठेवल्या. गेरलिंडेनं सगळ्यांना सांगितलं, एक जागा श्रीधरची, दुसरी त्याच्या डाव्या हाताच्या भावाची, ज्याला आज येता आलं नाही. वहिनी माझ्याकडे झुकून कुजबुजल्या, "कोण भाऊ? काकांचे भाऊ तर नाशिकला असतात ना?"

"असतील तेच," मी म्हणालो.

उटेनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग पूर्ण वेळ बघितलं नाही. काठी फिरत आली, रिकाम्या जागांपाशी थांबली. गेरलिंडेनं ती त्या दोन जागांवरून अलगद पलीकडे नेली. तुमचा प्रश्न विचारायला तुम्ही नव्हतात आणि उत्तर द्यायला मी असून नव्हतो. पाच-सहा पावलांवर माझे हात कोटाच्या खिशात होते आणि गार पडले होते.

गेल्या आठवड्यात उटेनं बोलावलं. कपाट आवरत होती. माझा झगा तिनं इस्त्री करून कापडी पिशवीत घालून ठेवला होता. "बस, चहा घे," तिच्या त्या तुमच्याकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली. मग जर्मनमध्ये तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी. फोटो आला त्या आठवड्यात वहिनींनी तुम्हाला फोन केला होता. त्या लाल दोऱ्याबद्दल. "काका, शेजारी कोण आहे? आपल्यातलंच कुणी आहे का?" तुम्ही म्हणालात, "छे, तो एक इटालियन आहे. मीच बांधला तो दोरा, त्याला असलं फार आवडतं." उटे हे सांगताना हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. म्हणजे मी तुम्हाला हसत होतो त्याच दिवसांत तुम्ही मला पाठीशी घालत होतात. शब्द जपून वापरणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि ते मला कळूही दिलं नाहीत.

दुसरी गोष्ट लिंडनची. सप्टेंबरात सगळे गेल्यावर तुम्ही तिथे उभे राहिलात ते वस्तू गोळा करायला नव्हे. वस्तू उटेनं कधीच्या गाडीत ठेवल्या होत्या. तिनं हाक मारली, गार वारा होता, छातीला बरं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "जरा थांब. मंदार येईल."

"एर हाट गेवार्टेट," उटे म्हणाली. तो थांबला होता. वीस मिनिटं.

पिशवी घेऊन खाली आलो. घरी येऊन झगा आमच्या दिवाणखान्याच्या दारामागे टांगला, कुणी आलं की पहिल्यांदा दिसेल असा. प्राचीनं त्याची बाही तेवढी सारखी केली.

हा लेख काल अनघा वहिनींना पाठवला. तेव्हा तो इथपर्यंतच होता. तासाभरात फोन. "मंदार, अरे... हे खरं आहे? तू?" मी हो म्हणालो. "हे छापायचं म्हणतोस? लोक तुला पूजेला बसू देणार नाहीत."

"नाही तर नाही, वहिनी. हे वाचून झाल्यावर ठरवा. काकांच्या वेळी न कळताच ठरवलं, निदान माझ्या वेळी कळून ठरवा. आणि तो फोटोही छापा."

"मीही हसले होते रे त्या दिवशी," त्या हळूच म्हणाल्या. "ग्रुपवर." आणि फोन ठेवला. छापतील की नाही, मला अजून माहीत नाही. नाही छापला तर ग्रुपवर मी स्वतः टाकेन, त्या हसऱ्या चेहऱ्याच्या खालीच.

आभार मानायचे राहिलेत, दादा. तिळांचे, त्या इटालियनचे, तिसऱ्या रांगेतून हललेल्या ओठांचे. पण आभार मी आत्ता मानले तर ते फार सोपं जाईल, आणि मला पुन्हा बरं वाटू लागेल. म्हणून आधी दुसरं उत्तर देतो. सप्टेंबरात तुम्ही काठी धरून ज्याची वाट बघितलीत ते.

नाही, दादा. आपल्यात शांती नाही. मी मोडली. चला लिंडनखाली, मी सगळं सांगतो, घाई करत नाही. बाकीचे थांबतील.